आंबट बिअर आणि फोटोवाल्यांचा चेहरा

फोटोवाल्यांना काय आवडतं आणि काय आवडत नाही, हे त्यांच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. माणूस सज्जन. वेळच्या वेळी घरी येणार, पानात पडेल ते जेवणार, आपली ताटली आपण धुणार. पण चेहरा असा, की त्यावरून काही कळेल तर शपथ. नवीन घर घेतलं तेव्हा सगळी मंडळी खोल्याखोल्यांतून नाचली. हे मधोमध उभे राहिले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं आहे." पुढे त्याच छतातून त्यांच्या डोक्यावर पाणी गळलं, तेव्हाही त्याच सुरात "बरं" म्हणून खुर्ची सरकवून बसले.

त्यांचं दुकान होतं ओळखपत्रांच्या फोटोंचं. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन दिवे. "हसू नका. हनुवटी किंचित खाली. दात दिसतायत, मिटा," एवढंच ते दिवसभर बोलायचे. त्यांनी काढलेला फोटो कुठल्याही कचेरीतून कधी परत आला नव्हता.

त्यांच्या बायकोची नोकरी जनावरांच्या दवाखान्यात. बाई पुढच्या टेबलाशी बसायच्या आणि दारातून आलेल्या प्राण्याकडे नुसतं बघून सांगायच्या, की ह्याचं पोट दुखतंय आणि हा नुसता नाटकं करतोय. "मला कासवाचं कळतं गं," त्या आपल्या बहिणीला फोनवर म्हणायच्या, "पण ह्यांचं नाही कळत." बहीण थोरली. तिला सगळे ताई म्हणत आणि जरा दबकूनच असत, कारण तिच्या तोंडाला झाकण नव्हतं.

मुलगी एकुलती एक. रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होती. चांगली नोकरी सोडून तिनं बिअर करायची ठरवलं, आणि तीही साधीसुधी नाही, फळं घातलेली आंबट बिअर. बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "बरं." तिच्याबरोबर धंद्यात उतरलेला भागीदार मूळचा प्लंबर. सहा फुटी, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. तो एके दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून घरी आला आणि म्हणाला, की आम्हाला दोघांना लग्न करायचं आहे. फोटोवाले म्हणाले, "बरं," आणि कचऱ्याची बादली रिकामी करायला निघून गेले. भागीदार सोफ्यावर बसूनच राहिला. हा होकार, का नकार, का नुसताच हुंकार? त्या दिवसापासून तो होणाऱ्या सासऱ्यांसमोर आला की त्याच्या हातातून काही ना काही पडायचं.

टायरच्या दुकानामागची एक शेड त्यांनी भाड्यानं घेतली होती. पूर्वी तिथे फरशा ठेवायचे. आता स्टीलच्या टाक्या, जमिनीवर अजगरासारखे पसरलेले पाइप आणि कायम ओली फरशी. मुलीचं काम असं: धान्य भिजवून, उकडून त्याचं गोड पाणी काढायचं, दुधाचं दही करतात ना, त्याच जातीचे जंतू त्यात सोडायचे, ते आंबलं की उकळून घ्यायचं, मग यीस्ट घालायचं आणि शेवटी फळांचा गर. पहिली खेप आलुबुखाराची होती. रंग असा लालभडक उतरला, की भागीदार टाकीच्या झरोक्याच्या काचेला नाक लावून बघत बसला.

एका शनिवारी दुपारी त्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांना चवीला बोलावलं. पिंपांवर फळ्या टाकून टेबलं केली. छोटे छोटे ग्लास मांडले. टायरवाला आला, जनावरांचे डॉक्टर आले, मुलीच्या कारखान्यातल्या मैत्रिणी आल्या, आणि ताई तर सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरून बसली.

लोक प्यायले आणि जो तो म्हणाला, "वा! वेगळीच आहे." कुणी म्हणालं, "काहीतरी नवीन." डॉक्टर म्हणाले, "इंटरेस्टिंग," आणि ग्लास हळूच खिडकीत ठेवून दिला. मुलगी हसत होती, पण तिचं हसू पातळ होत चाललं होतं. रंगाच्या कारखान्यातही गिऱ्हाइकाला रंगाची छटा आवडली नाही की ते "वेगळीच आहे" असंच म्हणायचं.

फोटोवाले भिंतीशी उभे होते. मुलीनं त्यांच्या हातात ग्लास दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, एकदा हुंगला आणि सरबत प्यावं तसा अर्धा एका दमात प्यायले.

क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला. पाठोपाठ उजवा. भुवया एकमेकींना भेटायला धावल्या. नाकावर वळ्या पडल्या, ओठ मुरडले गेले, हनुवटी वर निघाली, आणि कान, ज्यांच्याकडून कुणाचीच कसली अपेक्षा नव्हती, ते कान चक्क मागे सरकले. सगळा चेहरा मुठीसारखा वळला, थरथरला आणि मग एकदम उलगडला. डोळे पाणावलेले, तोंड उघडं, गाल लाल.

बायकोच्या हातातली पर्स खाली पडली. "अहो!" त्या ओरडल्या. "तुम्हाला काय होतंय?"

"आंबट आहे," फोटोवाले म्हणाले.

शेडमध्ये हशा पिकला. पण बायको हसल्या नाहीत. त्या जवळ गेल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. कारण चेहरा अजून पूर्ववत झाला नव्हता. आंबटानं जे काही सैल केलं होतं ते सैलच राहिलं होतं, आणि त्यावर आतलं सगळं दिसत होतं: आश्चर्य, थोडी लाज, आणि सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून घबराट.

ही संधी ताईनं बरोबर हेरली. ती खुर्चीतून उठली आणि समोर येऊन म्हणाली, "भाऊजी, खरं सांगा हं. मी येते तेव्हा सूप करते. कसं असतं हो?"

फोटोवाल्यांनी "बरं" म्हणायला तोंड उघडलं. पण तोंडाच्या आधी चेहरा बोलून गेला. खालचा ओठ लोंबला, नाक आक्रसलं आणि नजर दाराकडे पळाली.

"अस्सं!" ताई म्हणाली. "इतकी वर्षं वाटी चाटून पुसून संपवत होतात ते?"

"ताई, अगं बस," बायको म्हणाल्या, पण त्यांचा स्वतःचा आवाज हसण्यानं फुटत होता. "अहो, आणि बैठकीतले ते नवे पडदे?"

चेहऱ्यानं पडद्यांचाही निकाल लावला.

आता लोकांना चेव आला. टायरवाल्यानं विचारलं, माझी मिशी कशी दिसते. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या बायकोला आम्ही फार राबवतो असं वाटतं का. उत्तरं धडाधड मिळत होती आणि लोक पोट धरून हसत होते. तेवढ्यात चेहरा निवत चाललेला बघून कुणीतरी ग्लास पुन्हा भरून फोटोवाल्यांच्या हाती दिला. हातात आलेली वस्तू नाकारायची त्यांना सवयच नव्हती. ते प्यायले. पुन्हा मूठ, पुन्हा कान, पुन्हा उलगडणं.

आणि तेव्हा भागीदार पुढे झाला. त्याच्या हातात पाना होता. तो खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. "बाबा," तो म्हणाला, "आमच्या लग्नाला... तुमची हरकत तर नाही ना?"

फोटोवाले त्याच्याकडे बघत राहिले. ओठांच्या कडा हलल्या, गालांवर दोन लांबट खड्डे पडले, डोळ्यांखाली बारीक बारीक रेघा उमटल्या, आणि बघता बघता ते हसले. भरभरून. मुलीनं हे हसू जन्मात पाहिलं नव्हतं. भागीदाराच्या हातातून पाना निसटला आणि तो मटकन एका पिंपावर बसला.

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिटी वाजवली. पण त्या आवाजानं फोटोवाले भानावर आले. त्यांनी चहूकडे बघितलं, ग्लास फळीवर ठेवला आणि म्हणाले, "मी काय सर्कशीतला आहे?" आणि ताडताड बाहेर निघून गेले.

बायको मागोमाग गेल्या. बाहेर आलुबुखाराची रिकामी खोकी रचून ठेवली होती, त्यांतल्या एकावर हे बसले होते. त्या शेजारच्या खोक्यावर बसल्या.

"रागावलात?"

"नाही."

"दिसतंय मला," बायको म्हणाल्या. "अजून दिसतंय. पाच मिनिटांत पुन्हा बंद होईल, त्याच्या आत सांगून टाका काय ते."

फोटोवाल्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला, जणू काही सांडलंय का ते बघत होते. मग म्हणाले, "अगं, स्टुलावर माणूस येऊन बसतो ना, तो माझ्याकडे बघतो. मी हसलो तर तो हसतो. मी कंटाळलो तर त्याचा चेहरा पडतो. माझं तोंड स्थिर असेल तर त्याचं स्थिर राहतं. दिवसभर तेच करायचं. मग ते तसंच राहतं."

"दुकान बंद करताना शटर खाली ओढता ना? ते तिथेच ओढायचं असतं. तुम्ही चेहऱ्यावर ओढून घरी येता."

"मला कळतच नाही गं, ते वर आहे का खाली."

इतक्या वर्षांत बायकोची समजूत अशी होती, की नवऱ्याला काही सांगायचंच नाहीये. त्याला वाटतंय की आपण सांगितलंय, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "सूप खरंच इतकं वाईट असतं?"

"भयंकर," फोटोवाले म्हणाले.

आत मुलगी मात्र वेगळाच विचार करत होती. सबंध दुपारभरात खरं बोललेली एकच वस्तू होती, ती म्हणजे बाबांचा चेहरा. कान मागे जाण्याइतकी आंबट बिअर कुणी दुसऱ्यांदा मागणार नाही. ती बाहेर आली, खोक्यांसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाबा, दर शनिवारी येत जा. तुम्ही नुसतं प्यायचं. आई बघून सांगेल."

"बिअरशिवाय दुसरा प्रश्न नाही," फोटोवाल्यांनी अट घातली. "आणि ताई नको."

अशी ती पद्धत सुरू झाली. शनिवारी दुपारी फोटोवाले दुकानातून सरळ शेडमध्ये यायचे आणि खुर्चीवर ताठ बसायचे. समोर स्टूल टाकून बायको बसायच्या, चष्मा पुसून, आणि दवाखान्यात मांजर बघावं तसा नवरा बघायच्या. मुलगी ग्लास द्यायची.

"डावा डोळा अर्धा," बायको सांगायच्या. "उजवा उघडा. नाकावर एकच वळी. थांब... भुवई वर गेली. काहीतरी आवडलंय."

"कान?"

"कान जागेवर."

कान हलले की खेप नापास, असा नियमच झाला. मुलीनं आंबवण्याचा वेळ कमी केला. रासबेरीच्या खेपेला दोन्ही डोळे उघडे राहिले. चेरीच्या खेपेला गालांवर खड्डे पडले, तेव्हा भागीदारानं मुलीला उचलून गोल फिरवलं आणि मग सासरे बघतायत म्हणून हळूच खाली ठेवलं. चेरीची सगळी बिअर टायरवाल्याच्या गिऱ्हाइकांनीच संपवली. टायर बदलून होईपर्यंत ते तिथे बसायचे आणि टायर बदलून झाल्यावरही उठायचे नाहीत. त्यांच्या बायका मग त्यांना न्यायला यायच्या आणि त्याही बसायच्या.

पुढची खेप पीचची. गावातल्या एका मोठ्या हॉटेलाच्या मालकीणबाईंनी चेरीची तारीफ ऐकली होती. पीच तयार झाली की सोमवारी त्या स्वतः चव घ्यायला येणार होत्या. पसंत पडली तर त्यांच्या हॉटेलात कायमची लागणार. त्या शनिवारी मुलीनं ग्लास दोनदा धुतला आणि मग भरला.

फोटोवाले प्यायले. बायको पुढे झुकल्या. त्यांनी डोळे बघितले, नाक बघितलं, उजव्या बाजूनं जाऊन कान बघितले.

"आई?"

"काहीच नाही," बायको म्हणाल्या.

"काहीच नाही म्हणजे? चांगली आहे का वाईट?"

"अगं, काहीच नाही. घरी असतात तसे बसलेत."

पुन्हा ग्लास भरला. पुन्हा तेच. दर शनिवारी आंबट पिऊन पिऊन फोटोवाल्यांची जीभ सरावली होती आणि शटर पूर्ववत खाली आलं होतं. भागीदारानं दिवा जवळ आणला. बायकोनं हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला. फोटोवाले बिचारे स्वतःच कपाळाला आठ्या घालायचा प्रयत्न करू लागले, पण ते फारच खोटं दिसत होतं.

मुलीचा धीर सुटला. "बाबा," ती म्हणाली, "चेहऱ्याचं सोडा. तोंडानं सांगा."

"बरं आहे," सवयीनं निघून गेलं.

"बरं म्हणजे काय?" मुलगी ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, सोमवारी बाई येणार आहेत. मला 'बरं' नकोय!"

फोटोवाल्यांनी मुलीकडे बघितलं. ग्लासात उरलं होतं ते तोंडात घेऊन बराच वेळ घोळवलं. त्यांना घाम फुटला होता. शब्द कुठून आणायचे असतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले:

"आधी कुणीतरी तोंडावर गार पाण्याचा हबका मारल्यासारखं वाटतं. ते चांगलं आहे. मग पीच येतं. पण ते दारातच उभं राहतं. आत ये म्हटलं तरी येत नाही. आणि मागून, जिभेच्या कडेला, खिडकीचा गज चाटल्यासारखं लागतं."



"तुम्ही गज कधी चाटलात?" बायकोनं विचारलं.

"लहानपणी. आई बाहेर गेली की मी खिडकीत बसायचो. ती येईपर्यंत."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस," फोटोवाले म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे, मीही सांगितलं नाही."

भागीदाराचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. तो पीचच्या टाकीखाली वाकला आणि तिथूनच बोलला, "गज माझा आहे." स्टीलचा सांधा हाताशी नव्हता म्हणून त्यानं गेल्या आठवड्यात नळकामातला साधा लोखंडी सांधा तात्पुरता बसवला होता, आणि मग विसरून गेला होता. आंबट बिअर त्याला आतून चाटत बसली होती.

मुलगी त्याला काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. ती टाकी ओतून द्यावी लागली. नशिबानं शेजारच्या छोट्या टाकीत त्याच खेपेतली थोडी बिअर वेगळी ठेवलेली होती, तिला लोखंड लागलं नव्हतं. तिच्यात मुलीनं रविवारी सकाळी आणखी गर घातला. फोटोवाल्यांनी दुकान बंद ठेवलं आणि दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसले. "आता उंबरठ्यावर आलंय," ते दुपारी म्हणाले. संध्याकाळी म्हणाले, "आलं आत. पण अजून चपला काढल्या नाहीत." सोमवारी मालकीणबाई यायच्या आधी त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि सांगितलं, "बसलं. पाणी मागतंय."

मालकीणबाई कडक होत्या. त्यांनी घोट घेतला. मग विचारलं, "ह्याचं वर्णन गिऱ्हाइकाला काय करायचं?" मुलगी आम्लता वगैरे सांगायला लागली, तेवढ्यात फोटोवाल्यांनी सुरुवात केली. हबका, दार, उंबरठा, पाहुणा, सगळं. बाई ऐकत राहिल्या, हसल्या, आणखी एक ग्लास मागितला, आणि दोन्ही ग्लास संपवून बिअर कायमची घ्यायचं ठरवूनच गेल्या.

त्यानंतर फोटोवाले थांबले नाहीत. एकदा वाट सापडली म्हटल्यावर ते बोलतच सुटले. सकाळच्या चहाला ते सांगू लागले, की आज दूध पुढे आणि चहापत्ती मागे राहिली आहे. नवी उशी मानेशी वाद घालते. बैठकीतले पडदे परक्या घरी येऊन अवघडल्यासारखे उभे आहेत. बायकोनं पडदे बदलले. ताईला तर त्यांनी आपण होऊन फोन केला आणि सुपाबद्दल इतकं सविस्तर बोलले, की तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचंही बोलणं मधे न तोडता ऐकलं. फोन ठेवल्यावर तिनं बहिणीला लगेच उलटा फोन लावला.

"काय गं," ती म्हणाली, "आता तरी सुखी आहेस ना?"

"आहे," बायको हळू आवाजात म्हणाल्या, कारण हे बाजूच्या खोलीत होते. "पण कालपासून डोकं दुखतंय गं. आज आंघोळीच्या पाण्याबद्दल बोलत होते."

लग्न झालं, साधंच, दोन सह्या आणि एक जेवण. फोटोवाले त्या जेवणात उभे राहून बोलायला लागले, तेव्हा मुलीनं त्यांचा कोट मागून ओढला.

हॉटेलासाठी पीचच्या बाटल्या भरायची वेळ आली. बाटलीवर चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठीवर चवीबद्दल दोन ओळी हव्यात. त्या बाबांनीच द्याव्यात, असं सगळ्यांचं ठरलं. फोटोवाले शेडमध्ये खुर्चीवर बसून सांगू लागले आणि मुलगी टाइप करू लागली. भागीदार बाटल्या धुऊन आला, जेवून आला, तरी त्यांचा पीचचा पाहुणा अजून गल्लीच्या कोपऱ्यावरच होता.

"बाबा, एवढं बाटलीवर मावणार नाही."

"मग मोठी बाटली घ्या."

शेवटी बायकोनंच मधे पडून चिठ्ठी ठरवली. फोटोवाले दोन दिवस घुश्श्यात होते आणि कारण विचारलं की ते पूर्ण, सविस्तर सांगत होते. पण चिठ्ठी छापून आली आणि बाटल्यांवर चिकटली. हॉटेलात लोक ती वाचून हसतात आणि मागवतात. तिच्यावर एवढंच आहे:

"पीच. आंबट आहे. बसून प्या."